उंच राहिलेली दाढ

मी लहान मुलांना इंग्रजी अक्षरांचे आवाज शिकवते. घरातूनच, लॅपटॉपसमोर बसून. एका वर्गात आठ मुलं असतात, कोणी रायपूरचं, कोणी पुण्याचं, एक तर दुबईचं. या कामात तोंड उघडावं लागतं. ‘अ‍ॅ’ हा आवाज दाखवायचा तर जबडा पूर्ण खाली न्यावा लागतो आणि मुलं स्क्रीनला नाक लावून आत बघतात. एरवी माणसांसमोर माझा आवाज घशातच राहतो. या आठ चौकटींसमोर मात्र तो बाहेर येतो. म्हणून ही नोकरी मी धरून ठेवली आहे.

एका दुपारी मी असाच जबडा उघडून दाखवत होते, तर पाच वर्षांची एक मुलगी म्हणाली, “मॅम, आपके दांत में काला-काला क्या है? कीड़ा है?”

बाकीचे सातही चेहरे स्क्रीनजवळ आले. एक मुलगा उठून आईला बोलावून घेऊन आला. ती बिचारी ओल्या हातांनी आली, माझ्याकडे बघून हसली आणि मुलाला दटावून निघून गेली. मी तोंड मिटलं. उरलेला वर्ग मी ओठ जवळ ठेवूनच घेतला. त्या दिवशी मुलांना ‘अ‍ॅ’ आणि ‘ए’मधला फरक अजिबात कळला नाही.

वर्ग संपल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून आरशात पाहिलं. खालच्या तीन दाढांमध्ये चांदी भरलेली होती. उजवीकडे शेजारशेजारच्या दोन, डावीकडे एक. मी पाचवीत असताना भरलेली. तेव्हा आम्ही पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा प्लांटमध्ये होते, त्यांच्या मेडिकल बुकावर आमचे सगळे इलाज व्हायचे. दाढा भरल्या त्या दिवशी बाबांनी रजा घेतली होती. परत येताना त्यांनी वाटेत स्कूटर थांबवली आणि आरसा माझ्याकडे वळवून म्हणाले, “पाह्य, कसं चमकून राहिलं.” खरंच चमकत होतं. त्या चमकण्याचं मी शाळेत कौतुक करून घेतलं होतं. ते काळं कधी पडलं, मला कळलंच नाही. दुखलं नाही, म्हणून आत बघितलं नाही.

मी घरी सांगितलं, की या बदलून दाताच्या रंगाच्या भरून घेते.

घरात काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं. बाबांना ऐकू कमी येतं. कानात मशीन आहे, पण ते मशीन पंख्याचा आवाज मोठा करतं आणि माझा नाही, असं त्यांचं म्हणणं. बाबा रिटायर झाल्यावर आम्ही खुर्सीपार वस्तीत स्वतःच्या घरात आलो. या घराची आणि शेजारच्या काकूंच्या घराची भिंत एकच आहे. त्यामुळे बाबांना सांगितलेली गोष्ट काकूंनाही सांगितलेली असते. मी सहसा आईच्या कानात सांगते आणि आई ती घोषणा करते.

“दुखते का?” बाबांनी मला विचारलं.

मी मान हलवली. नाही.

“थंडं लागते का?”

नाही.

“मंग कावून तोडून राहिली? काळं दिसते म्हनून कोनी अस्तर तोडते का? चालू लॅडलले हात नाही लावत, बाप्पा. अन तोडाचं म्हनलं की मागची चांगली वीटबी थोडी जातेच.”

प्लांटमध्ये वितळलेलं पोलाद ज्या प्रचंड बादल्यांमधून नेतात त्यांना लॅडल म्हणतात. त्यांना आतून विटांचं अस्तर असतं. ते अस्तर लावणं, झिजलं की तोडणं, पुन्हा लावणं, हे बाबांचं सगळ्या नोकरीभरचं काम. घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते त्याच नजरेने बघतात, चुलीपासून फरशीपर्यंत.

“अहो, तिचं तोंड हाय, तुमची लॅडल नोहे,” आई ओरडून म्हणाली. “पोरीच्या जातीले तोंडात काळं बरं दिसते का? करू द्या तिले.”

“करू दे ना. मी कुठं धरलं? आपलं सांगून राहिलो.”

मी मनात म्हटलं, यांना काय कळतं. इंग्रजी शाळेत घालणारे तुम्हीच, आणि आता तोंड बघणारी मुलंही इंग्रजी शाळेतलीच.

मार्केटमध्ये एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथे मी गेले. डॉक्टरीण माझ्याच वयाची असावी. जाताना स्कूटीवर मी एक वाक्य पाठ केलं होतं. अनोळखी ठिकाणी जाताना मी नेहमी एक वाक्य पाठ करून जाते, म्हणजे वेळेवर अडत नाही. तिने एक्स-रे काढला, स्क्रीनवर मोठा करून दाखवला आणि म्हणाली, “ये वाली का किनारा खुल गया है, ये बदल लेते हैं. बाकी दोनों तो एकदम सॉलिड हैं. सिर्फ़ रंग के लिए निकालना ज़रूरी नहीं.”

किनारा सुटलेली होती ती डावीकडची. उजवीकडच्या दोन्ही चांगल्या होत्या.

मला विचारायचं होतं, की चांगल्या काढल्या तर काय होऊ शकतं. पण तो प्रश्न मी पाठ केलेला नव्हता. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. “तीनों बदलवानी हैं.”

“पक्का?”

“जी.”

डावी पहिल्या दिवशी झाली. काही त्रास झाला नाही. पुढच्या आठवड्यात उजवीकडच्या दोन. इंजेक्शनने अर्धी जीभ, अर्धा ओठ आणि हनुवटी माझी राहिली नाही. चांदी तुकड्यातुकड्यांनी निघाली. मग निळी जेल, पाण्याचा फवारा, हवा, थराथराने मसाला आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश. तिचं काम नीट होतं, घाई नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात तिचं नाव घ्यायला मला जागा नाही.

शेवटी तिने दातांमध्ये एक पातळ निळा कागद ठेवला. “दबाइए. टिक-टिक-टिक. अब इधर-उधर घिसिए. ऊंचा तो नहीं लग रहा?”

मला काहीच कळत नव्हतं. खालचा जबडा दुसऱ्या कोणाचा तरी होता. खरं उत्तर होतं, ‘पता नहीं’. पण बाहेर गाल धरून बसलेल्या एक आजी मला दारातून दिसत होत्या. डॉक्टरणीची मदतनीस ट्रे आवरू लागली होती. आणि इतक्या वेळाने, इतकं सगळं केल्यावर ‘पता नहीं’ म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं.

“नहीं, ठीक है.”

“परफेक्ट?”

“परफेक्ट.”

“सुन्न उतरने के बाद लगे तो आ जाना. दो मिनट का काम है,” ती म्हणाली.

संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि मी दात मिटले, तर ते मिटले नाहीत. उजवीकडच्या शेवटच्या दाढेवर वरची दाढ टेकली आणि बाकी सगळे दात अधांतरी राहिले. फरक एवढासाच होता, एखादं भाताचं शीत अडकावं तेवढा. मी जिभेने चाचपलं. शीत नव्हतं, दाढच होती. वाटलं, बसेल. नवीन चप्पल बसते तशी.

आईने टॉर्च लावून बघितलं आणि बाबांना बोलावलं. “पाहा ना वो, कसे मोत्यावानी!”

बाबांनी चष्मा लावला, वाकून बघितलं. “दिसते तं बरं,” ते म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

दोन दिवसांनी डॉक्टरणीचा मेसेज आला. सगळं ठीक आहे ना, थंड-गरम लागत नाही ना. त्या वेळी माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता आणि मी तो डाव्या गालाकडे तिरपा धरून पीत होते. मी उत्तर टाइप केलं, ‘ऑल गुड, थँक यू डॉक्टर’, आणि पुढे हसरा चेहरा लावला. ते पाठवताना मी खोटं बोलतेय असं मला वाटलं नव्हतं. तिने चांगल्या मनाने विचारलं होतं, मी चांगलं उत्तर दिलं, एवढंच वाटलं होतं.

त्यानंतर परत जाणं जास्त अवघड झालं. आधी ‘परफेक्ट’ म्हटलं होतं, मग लिहूनही दिलं होतं. रोज एक दिवस वाढत होता आणि रोज तिने विचारायच्या प्रश्नात एक प्रश्न वाढत होता, की मग कल क्यों नहीं आईं? आणि घरी कबूल करायचं म्हणजे बाबांपुढे कबूल करायचं, ओरडून, भिंतीपलीकडच्या काकूंसकट, की तुमचं बरोबर होतं. मी चांगलं अस्तर तोडलं.

दुखणं आधी थंडाचं होतं. मग गरमाचंही झालं. चहाचा घोट गेला की कळ उठायची आणि मी कप खाली ठेवून ती जायची वाट बघायची. सुरुवातीला लगेच जायची. मग तिला जायला वेळ लागू लागला. मी पोळी चहात बुडवून, डावीकडून, हळूहळू खाऊ लागले. आई म्हणाली, “कावून वो, डायटिंग करून राहिली का?” मी हो म्हटलं.

वर्ग चालू होते. तोंड आता आतून पांढरंशुभ्र होतं, पण मला ते मिटवत नव्हतं. ‘स’ म्हणायला दात जवळ आणावे लागतात. ‘च’ला तर टेकवल्यासारखेच. उजवीकडे टेकू नये म्हणून मी जबडा थोडा डावीकडे सरकवून बोलायला शिकले होते, स्वतःच्याही नकळत. एका दुपारी मी मुलांना म्हटलं, माझ्याकडे बघा, माझ्यासारखं तोंड करा आणि म्हणा, ‘च, च, चेअर’. आठही चौकटींमध्ये आठ मुलांनी जबडे डावीकडे सरकवले आणि अगदी मन लावून, वाकड्या तोंडाने, म्हणाले, ‘च, च, चेअर’.

काळे दात दिसले तेव्हा त्या मुलीने लगेच विचारलं होतं. या वेळी कोणी काही विचारलं नाही. त्यांना वाटलं, असंच असतं.

मी कॅमेरा बंद केला आणि नेट गेल्याचं कारण सांगितलं. तरीही मी दवाखान्यात गेले नाही. हे लिहिताना मला त्याचं कारण शोधावंसं वाटतं, पण लाजण्यापलीकडे काही सापडत नाही. लाज ही फार बिनमहत्त्वाची गोष्ट आहे असं लोकांना वाटतं.

मग तीजचा सण आला. शेजारच्या काकू छत्तीसगढी आहेत, त्या दर वर्षी आम्हाला ठेठरी देतात. बेसनाची, तळलेली, कडक. मला ती इतकी आवडते की लहानपणी मी ती दप्तरात लपवून न्यायची. दुपारचं जेवण झाल्यावर आईने ताटलीत काढून ठेवली. मी हात लावला नाही. बाबांनी एक मोडून अर्धी माझ्यापुढे केली. नाही म्हणता आलं नाही. मी डावीकडे घालून चावली.

बाबा माझ्या जबड्याकडे बघत होते. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून ते बघतात. ही सवय त्यांना नोकरीतच लागली. अधूनमधून त्यांच्या कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. बारीक आवाज बाबांना तेव्हाच येत नव्हते. पण काचेतून आवाज सोडणाऱ्या माणसाचा खांदा दिसायचा. खांदा हलला की बाबा बटण दाबायचे. अनफिट लिहिलं असतं तर त्यांना शॉपमधून, म्हणजे कामाच्या शेडमधून काढून कुठे तरी टेबलावर बसवलं असतं, ते त्यांना नको होतं. “पास! दर खेपेले पास!” असं म्हणत ही गोष्ट त्यांनी लग्नाकार्यांत कितीदा सांगितली असेल आणि आम्ही सगळे कितीदा हसलो असू.

“त्या बाजूनं कावून नाही चावत?” बाबांनी विचारलं.

“असंच.”

“का म्हनलं?”

मी हाताने खूण केली, काही नाही.

“उंच राहिली का?”

मी त्यांच्याकडे बघितलं. हा शब्द त्यांना कोणी सांगितला नव्हता.

“एक वीट बाकीच्यापेक्षा सूतभर वर राहिली,” ते दोन बोटांत जेमतेम फट दाखवत म्हणाले, “तं सगळा मार तिलेच. बाकीच्या नुसत्या पाहत राह्यतात. तसं हाय का?”

“हो,” मी म्हटलं.

“का म्हनलं?”

आई भांडी घासत होती. काकू ठेठरीचा डबा परत न्यायला दारात उभ्या होत्या. मला वाटलं होतं मान हलवून भागेल, पण मान हलवायच्या आधी आवाजच निघाला, तो वर्गात निघतो तो, स्पष्ट आणि मोठा.

“उंच आहे! दुखतं! तीन आठवडे झाले, रोज दुखतं!”

नळ बंद झाला. काकू म्हणाल्या, “अई दाई!” बाबांनी हातातली ठेठरी ताटलीत ठेवली. मी वाट बघत होते, की आता ते म्हणतील, मी सांगितलं होतं. त्यासाठी मी तीन आठवडे उत्तर तयार ठेवलं होतं.

“मंग इतके दिवस कावून नाही सांगतलं?”

“डॉक्टरला मी ठीक आहे म्हटलं होतं,” मी म्हटलं. पुन्हा मोठ्याने.

बाबा कानातल्या मशीनला उगाच हात लावून म्हणाले, “मीबी तेच करत होतो.” ही त्यांची नेहमीची गोष्ट होती, पण या वेळी ते हसले नाहीत आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. स्कूटीवर मागे बसून. डॉक्टरीण मला बघून म्हणाली, “तीन हफ़्ते? मैसेज में तो ऑल गुड था.” रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. निळा कागद ठेवला, मी दात दाबले, आणि शेवटच्या दाढेवर गडद ठसा उठला. तिने घासलं. खरंच दोन मिनिटं लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझे सगळे दात एकदम एकमेकांना टेकले आणि मला रडू आलं.

पण ती थांबली नाही. थंड कापूस एकेका दाढेला लावून ती विचारत गेली. पहिली दाढ ठीक होती. शेवटच्या दाढेला कापूस लागला आणि काढल्यानंतरही कळ तशीच राहिली. तिने हातातलं घड्याळ बघितलं. “इसकी नस झेल नहीं पाई,” ती म्हणाली. आणखी थोडे दिवस बघू, कदाचित शांत होईल. झाली नाही. पुढच्या आठवड्यात त्या दाढेने गाल सुजवला आणि रूट कॅनल करावं लागलं.

“भराव पहले से गहरा था,” तिने मला समजावलं. “हो सकता है छेड़ने से ही होता. ऊंचाई से ही हुआ, ऐसा पक्का नहीं कह सकते.”

ती मला सूट देत होती. मी ती घेतली नाही. दोन्हींत मीच होते. चांगली चांदी काढायला मीच सांगितलं होतं आणि नंतर गप्पही मीच बसले होते. एका मुलीने काळं काय आहे विचारलं होतं, एवढंच. तिला सांगता आलं असतं, की ही चांदी आहे, मी तुझ्यापेक्षा थोडी मोठी होते तेव्हा माझ्या बाबांनी भरून आणली.

रूट कॅनलच्या शेवटच्या दिवशीही तिने इंजेक्शन दिलं होतं. दाढेची नस काढून झाली होती, वर पक्कं भरून झालं होतं. दाढेवरची टोपी, म्हणजे कॅप, नंतर बसणार होती. तिने तोच निळा कागद ठेवला. टिक-टिक-टिक. इधर-उधर. “ऊंचा लग रहा है?”

बाहेर तीन जण बसले होते. ट्रे आवरायला मदतनीस पुढे आली होती.

“अभी सुन्न है,” मी म्हटलं. “पता नहीं चल रहा.”

हे वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं. डॉक्टरणीने खुर्ची सरळ केली. “ठीक है. बाहर बैठिए. उतरेगा तब बताइए.”

मी बाकावर बाबांच्या शेजारी बसले. माझ्यानंतरची माणसं आत गेली आणि बाहेर आली. थोड्या थोड्या वेळाने बाबा, त्यांच्या मते हळू आवाजात, विचारायचे, “आता कसं हाय?” आणि सगळा दवाखाना माझ्याकडे बघायचा.

“अजून सुन्न,” मी सांगायची, त्यांना ऐकू जाईल असं. मान खाली घालावीशी वाटायची. घातली नाही.

नस काढलेल्या दाढेला थंड-गरम कळत नाही, हे मला आता माहीत झालं होतं. दाब कळतो, तेही डॉक्टरणीनेच सांगितलं होतं. बऱ्याच वेळाने हनुवटीला मुंग्या आल्या. मग ओठ परत आला, मग जिभेची कड. मी दात मिटले. उघडले. पुन्हा मिटले. उजवीकडे मागे, अगदी बारीक, रव्याच्या कणाएवढं काही तरी आधी टेकत होतं. कदाचित टेकत नसेलही. मला खात्री नव्हती.

बाबा माझ्या जबड्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं नाही.

मी उठले आणि दार ढकललं. आत कोणाची तरी दाढ चालू होती. पहिल्यांदा माझा आवाज निघाला नाही. मशीन थांबेपर्यंत मी तिथेच उभी राहिले आणि मग म्हटलं, “डॉक्टर, थोड़ा ऊंचा है. शायद. एक बार देख लीजिए.”